भाऊजींची ओरिजिनल येझदी

पुण्यात एखादा माणूस पार्किंगमध्ये पाना घेऊन बसला, की ती जाहीर सभा समजावी. घरात बसून कविता लिहा, कुणी ढुंकून बघणार नाही. पण जुनी मोटारसायकल खोलून बसा, जिना उतरणारा प्रत्येकजण थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि “कुठलं मॉडेल?” असं विचारतो. उत्तर त्याला नकोच असतं, ते त्याच्याकडे तयार असतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला गणसंख्या भरत नाही, म्हणून ती अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा घ्यावी लागते. भाऊजींच्या येझदीभोवती मात्र रविवारी सकाळी साडेसातलाच गणसंख्या भरलेली असते, आणि वर शेजारच्या सोसायटीचे निरीक्षकही हजर असतात.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. वय पन्नाशीपार, गुडघे कुरकुरणारे, जन्मभर नोकरी संगणकासमोरची. अशा माणसाला या वयात एकदम स्वतःच्या हातानं काहीतरी करावंसं वाटतं. कुणी गच्चीवर भाजीपाला लावतं, कुणी घरी पाव भाजतं. भाऊजींनी फलटणकडच्या एका गोठ्यातून येझदी आणली. टेम्पोतून उतरवली तेव्हा टायरांत हवा नव्हती, सीटमधला काथ्या उंदरांनी आपसांत वाटून घेतला होता आणि चेनमध्ये कडबा अडकला होता. सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, “भंगारवाले घेऊन जायला येतात. हा आणून का देतोय?”

आरसी बुकात वर्ष होतं 1979, आणि नंबर एमएच-12 वगैरे येण्याआधीचा, तीन इंग्रजी अक्षरांचा. तो बघून भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. जाऊबाईंच्याही आलं, पण त्यांनी किंमत ऐकली होती. त्या दिवशीच त्यांनी तटस्थ राहण्याचं जाहीर केलं आणि ते आजतागायत पाळलं. म्हणूनच पुढचा सगळा कारभार माझ्या स्वयंपाकघरात झाला.

या गाडीचा इतिहास मला घरातल्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ आहे, कारण तो रोज खालून ऐकू येतो. मूळची चेकोस्लोव्हाकियाची जावा. इराणी मंडळींनी मैसूरला आयडियल जावा कंपनी काढली, 1961 पासून तिथं गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवरचं जावा नाव जाऊन येझदी आलं. 1978 ला रोडकिंग आली. 1996 ला कारखान्याला कुलूप लागलं. इथं सांगणारा थांबतो, ऐकणारे माना खाली घालतात. 2018 ला जावा आणि 2022 ला येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली. पण त्या फोर-स्ट्रोक, त्यामुळे आमच्या पार्किंगमध्ये त्यांचा विषय कुणी काढत नाही.

सभेत बोलायला पात्रता एकच लागते. स्वतःकडे, काकांकडे किंवा काकांच्या साहेबांकडे कधीकाळी येझदी असली पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक गाडीवर बसून खंबाटकी घाट तिसऱ्या गिअरवर चढले होते. तळमजल्यावरचे डॉक्टर क्लच न दाबता गिअर टाकायचे. यात शौर्य काही नाही. जावा-येझदीत गिअरची दांडी दाबली की क्लच आपोआप सुटतो, ती सोय कारखान्यानंच दिलेली. पण डॉक्टरांना ते कुणी सांगितलेलं नाही आणि मीही सांगणार नाही. एका सद्गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्या येझदीला तीन सायलेन्सर होते. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन ही या गाडीची मूळचीच मिजास. तिसरा त्यांच्या आठवणीत कुठून फुटला ते त्यांच्या पत्नीलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात रंगावरून फूट पडली. भाऊजींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की गाडी ‘ओरिजिनल’ करायची. एक नट इकडचा तिकडे होणार नाही. मग ओरिजिनल रंग कुठला? प्राध्यापक म्हणाले काळा. डॉक्टर म्हणाले मरून. तिसऱ्यांना निळा आठवत होता, आणि तो नुसता निळा नव्हे तर ‘तो’ निळा. टाकीवरचा रंग भाऊजींनी पॉलिश पेपरनं घासायला घेतला, तर हिरव्याखाली लाल निघाला, लालखाली काळा, काळ्याखाली पुन्हा हिरवा आणि त्याखाली लांबी. मालक बदलला की रंग बदलायचा, असा हिशेब दिसला. प्रत्येक थर निघाला की एक पक्ष जिंकायचा. शेवटी मरून जिंकला.

मला यात नवल काहीच वाटलं नाही. आमच्या घरात कटाच्या आमटीवरून हेच गेली कित्येक वर्षं चालू आहे. माझ्या माहेरची ओरिजिनल, की सासूबाईंच्या माहेरची? दोन्ही बाजूंना आपली आई आठवते आणि दोन्ही बाजूंच्या आया आयत्या वेळी घरात जे असेल ते घालत होत्या. कारखान्याचंही तसंच. एकाच वर्षात कधी या पुरवठादाराचा दिवा, कधी त्या. स्टॉक संपला की दुसरा बसवायचा आणि गाडी बाहेर काढायची. मैसूरच्या त्या कामगारांना कल्पना नसणार की आपण घाईत बसवलेल्या स्क्रूवरून पुढं पुण्यात माणसं एकमेकांशी बोलायची थांबतील.

गाडी खोलायला सुरुवात झाली तसा माझ्या कपाटातला एकेक डबा खाली उतरू लागला. भाऊजींचा नियम पक्का, काढलेला प्रत्येक भाग वेगळ्या डब्यात ठेवायचा आणि वर चिठ्ठी लावायची. चिठ्ठ्या त्यांनी लावल्या, पण डब्यांवर माझ्या आधीच होत्या. त्यामुळे ‘चकली’मध्ये क्लचच्या स्प्रिंगा, ‘बेसन लाडू’मध्ये बेअरिंगं आणि ‘मेतकूट’मध्ये कार्बेटरचे जेट असा फराळ तयार झाला. पुरणाची परात डिझेलनं भरून पार्किंगमध्ये गेली. जुने दात घासायचे ब्रश संपल्यावर नवे जायला लागले. पितांबरी तर किराणा यादीत तेल-साखरेच्या वर गेली. चिंच-लिंबानं पितळ चमकतं हे ठीक, पण भाऊजी ती अॅल्युमिनियमला लावत होते आणि वर मलाच विचारत होते, “वहिनी, देवांची भांडी अशी नाही हो चमकत?”

टाकीच्या आत गंज होता. त्यावर उपाय असा, की टाकीत व्हिनेगर ओतायचं, मूठभर जुने नट टाकायचे, तोंड बंद करायचं आणि टाकी हलवायची. किती? गंज सुटेपर्यंत. आमचे चिरंजीव तेव्हा जिमला जायचे. त्यांना काकांनी सकाळ-संध्याकाळ टाकी धरायला लावली. महिन्याचे पैसे वाचले, दंड तयार झाले, आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली की तुमच्याकडे पहाटे कसला खुळखुळा वाजतो. गंज निघाल्यावर आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची, नाहीतर उरलेल्या आंबटानं पत्रा पुन्हा गंजतो. सोडा अर्थातच माझा.

पण खरी गंमत बेअरिंगची. क्रँकचं बेअरिंग क्रँककेसमध्ये घट्ट बसावं लागतं. केस अॅल्युमिनियमची, बेअरिंग पोलादाचं. ठोकून बसवलं तर वाकडं जातं, केस चिरते आणि मग रडत बसायचं. जाणती माणसं केस गरम करतात म्हणजे भोक पसरतं, आणि बेअरिंग गार करतात म्हणजे ते आक्रसतं. त्याप्रमाणे बेअरिंग प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या फ्रीजरमध्ये गेलं, मटाराच्या पिशवीशेजारी. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मटार म्हणून तेच बाहेर काढलं. “हा कसला रे बर्फ?” म्हणून त्यांनी ते गोल गोल फिरवून पाहिलं आणि त्याचा आवाज आवडल्यासारखं पुन्हा फिरवलं.

मग बेत असा ठरला की केस माझ्या गॅसवर, मोठ्या लोखंडी तव्यावर ठेवायची. भाऊजींनी मोबाइलवर तापमानाचं काहीतरी कोष्टक काढलं होतं. घरात तापमापक एकच होता, ताप मोजायचा. मी त्यांना बाजूला केलं, हात ओला केला आणि केसवर पाण्याचा शिंतोडा मारला. पाणी नुसतं पसरलं. थांबा म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा मारला. या वेळी थेंब चुर्र करून नाचले आणि उडून गेले. म्हटलं, “आता टाका.” भाऊजींनी फ्रीजरमधनं बेअरिंग आणलं, जाऊबाईंच्या मायक्रोवेव्हच्या हातमोज्यात धरून भोकावर ठेवलं आणि सोडलं. ठोकणं नाही, दाबणं नाही. टप्प असा एक आवाज झाला आणि बेअरिंग तळाला जाऊन सपाट बसलं. दोन मिनिटांत दोन्ही धातू एका तापमानाला आले आणि आता ते काढायला पहिलवान लागला असता. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यात घावनं घातली असती तर त्यांनाही आलं असतं. घरात दोन दिवस पोळ्यांना इंजिनाचा वास येत होता तो भाग वेगळा.

एक गोष्ट मान्य करायला हवी, की असली कामं नुसत्या हौसेनं तडीला जात नाहीत. त्याला मिस्त्री लागतो. आमचे मिस्त्री पूर्व भागातल्या पेठेतले, सत्तरीचे, उभी हयात येझदीत गेलेली. बोलणं कमी. भाऊजी मोबाइलवर परदेशी माणसाचा व्हिडिओ दाखवायचे, मिस्त्री तो शेवटपर्यंत सभ्यपणे बघायचे आणि म्हणायचे, “बरोबर आहे त्याचं. आता पाना द्या.” लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते आतलं ऐकतात. मी एकदा लावून पाहिली तर मला फक्त खडखड ऐकू आली. त्यांना त्यात कुठली रिंग, कुठलं बुश, हे वेगवेगळं ऐकू येतं.

पॉइंटचा गॅप किती ठेवायचा? पुस्तकात 0.4 मिलिमीटर. भाऊजींनी त्यासाठी पट्ट्यांचा गेज मागवला होता. मिस्त्रींनी खिशातून एका लग्नपत्रिकेचा कातरलेला तुकडा काढला, पॉइंटमध्ये घालून सरकवला, स्क्रू आवळला. भाऊजींनी गेज लावून पाहिला तर बरोबर निघाला. पत्रिका कुणाची ते कळलं नाही, पण जुन्या काळातली होती. हल्लीच्या पत्रिकांवर मखमल, खडे आणि मध्ये गणपती उठावात असतो. त्या घालून गॅप लावला तर गाडी मैसूरला परत जाईल. मिस्त्री म्हणाले, “एका पत्रिकेवर किती गाड्या चालल्या. ज्यांची होती त्यांचं काय झालं, विचारू नका.”

सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि जुना बाजार. नाना पेठेत बोलणं सरळ असतं, आहे तर आहे, नाही तर नाही, आणि “येझदी?” म्हणून दुकानदार जे हसतो ते त्याच्या दराच्या यादीत धरलेलं नसतं. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथं माल जमिनीवर पसरलेला, आणि विकणाऱ्याची नजर मालावर नसते, तुमच्या चेहऱ्यावर असते. भाऊजींना मनातलं लपवता येत नाही. गंजलेल्या ढिगात त्यांना कार्बेटरचं झाकण दिसलं की तोंड असं उजळतं, की किंमत तिथल्या तिथं दुप्पट होते. तिसऱ्या रविवारपासून मी बरोबर जायला लागले. मी झाकणाकडे न बघता शेजारच्या पितळी अडकित्त्याची चौकशी करायची, तो महाग म्हणून खाली ठेवायचा, निघताना पायानं झाकण ढकलून विचारायचं, “आणि हे काय आहे? कचरा?” या पद्धतीनं आम्ही हेडलाइटची रिंग, दोन ब्रेक केबली आणि एक अडकित्ता मिळवला. अडकित्त्याची गरज नव्हती, पण भाव चांगला लागला.

मालाच्या जाती तीन. ‘लोकल’ म्हणजे नवा, स्वस्त आणि न बसणारा. ‘कंपनी’ म्हणजे जुना, महाग आणि बसणारा. आणि सगळ्यांत वरचा ‘डबाबंद’, कारखाना चालू असताना खोक्यात पॅक झालेला आणि तेव्हापासून तसाच पडून राहिलेला. डबाबंद वस्तू दिसली की भाऊजी आवाज खाली आणतात. एकदा त्यांनी मोठ्या आनंदानं एक खोकं आणलं. उघडलं, आत काहीच नाही. फसवणूक नव्हती, त्यांनी खोकंच विकत घेतलं होतं. मूळच्या पुठ्ठ्याचं, मूळ छपाईचं. ते आता शोकेसमध्ये आहे, गौरीच्या मुखवट्यांच्या शेजारी.

इथपर्यंत घरात शांतता होती. ती चिरंजीवांनी मोडली. ते इंजिनीअरिंगला, त्यामुळे त्यांना सगळं येतं. त्यांचं म्हणणं, ओरिजिनल करून काय मिळणार? तशी तर ती होतीच. गाडी ‘कॅफे रेसर’ करू. मागचं मडगार्ड कापायचं, सीट चपटी एका माणसाची, हँडल खाली, साडीगार्ड काढून फेकायचं. मग त्यांनी सगळ्यांना बसवून लंडनचा इतिहास सांगितला. एस कॅफे नावाची रस्त्याकडेची जागा, साठच्या दशकातली पोरं, एका कॅफेपासून निघून सुसाट जायचं आणि गाणं संपायच्या आत परतायचं, म्हणून गाडीवरचं नको ते सगळं उतरवायचं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “चहा प्यायला जायचं तर गाडी कशाला कापायची? चालत जा.”

काका-पुतण्याचं आठ दिवस बोलणं बंद. दोघं एकाच गाडीच्या दोन बाजूंना बसून काम करायचे आणि पाना हवा असेल तर माझ्यातर्फे मागायचे. शेवटी प्रकरण आमच्या ह्यांच्याकडे गेलं. हे बँकेतून निवृत्त झालेले. नियम वाचायला मिळाला की ह्यांना जेवण लागत नाही. त्यांनी चष्मा लावून निकाल दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखान्यानं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. केला तर कलम 182-अ खाली प्रत्येक फेरफारामागं पाच हजारांचा दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग बदलला तर तोही आरटीओत कळवून नोंदवायचा. “मडगार्ड, सीट, हँडल,” हे बोटं मोजू लागले, तशी चिरंजीवांची मान खाली गेली. बुलेटचे फटफट सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात, त्यातला एक ह्यांनी कापून ठेवलेलाच होता.

साडीगार्डचा मुद्दा तर ह्यांनी राखून ठेवला होता. 1989 च्या केंद्रीय नियमांतला नियम 123. मागं बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवं आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकणारी जाळी हवी. हे ऐकून सासूबाईंनी एवढंच सांगितलं, “जाळी लावा. मला बसायचंय.” पुढं कुणी काही बोललं नाही.

तरी पुतण्यानं आपलं साधलंच. 1979 चा सहा व्होल्टचा दिवा म्हणजे देवघरातली समई बरी. आणि पॉइंट दर थोड्या दिवसांनी पत्रिका मागतात. त्यानं आतल्या आत बारा व्होल्टची सोय केली आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. झाकण लावलं की बाहेरून काही दिसत नाही. ओरिजिनलवाल्यांचा या बाबतीतला कायदा मला फार आवडला. झाकणाच्या आत काय आहे ते कुणी विचारायचं नाही. प्राध्यापकांना सगळं ठाऊक आहे, तरी दर रविवारी ते त्या झाकणाकडे बघून “सहा व्होल्टची मजाच वेगळी” म्हणतात. मिस्त्रींनी पत्रिकेचा तुकडा परत खिशात ठेवला आणि इग्निशनकडे अशा नजरेनं पाहिलं, की चिरंजीवांनी त्यांना स्वतःहून चहा आणून दिला.

दसऱ्याला गाडी अजून सुटीच होती. पूजा तर व्हायला हवी, मग हार कशाला घालायचा? चौकट एका कोपऱ्यात, इंजिन पाटावर, टाकी रंगाऱ्याकडे, सायलेन्सर भोसरीला प्लेटिंगसाठी. रंगारी गेले कितीतरी दिवस “उद्या” म्हणत होता आणि प्लेटिंगवाला “पंधरा दिवस”. दोघंही आपल्या शब्दाला जागले. रोज उद्याच आणि रोज पंधरा दिवसच राहिले होते. सासूबाईंनी चौकटीला एक हार, इंजिनाला एक आणि राहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या डब्यांवर टाकल्या. ‘चकली’ला हळदकुंकू लावताना त्या पुटपुटल्या, “देवा, यातलं काही उरू देऊ नकोस.”

उरले ते फक्त दोन वायसर. मिस्त्री म्हणाले, उरतातच.

पहिली किक ही पाहण्याची गोष्ट होती. येझदीची गंमत अशी, की डाव्या पायाशी एकच दांडी असते आणि तीच गिअर, तीच किक. आत दाबून वर उभी केली की किक झाली. गाडी चालू झाल्यावर पुन्हा खाली आडवी केली की गिअर. जमलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं आणि प्रत्येकजण ते भाऊजींना मोठ्यानं सांगत होता. टाकीत पेट्रोल, त्यात लिटरमागं तीस-चाळीस मिली टू-टी ऑइल, कारण या इंजिनाला वंगण पेट्रोलातूनच मिळतं. पंपावरच्या पोरानं टू-टी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. पेट्रोलही आता वीस टक्के इथेनॉलचं, आणि जुनं रबर त्यानं फुगतं. म्हणजे उसाच्या पट्ट्यातनं आणलेल्या गाडीला उसाचीच दारू बाधायची! पाइप नवे घातले म्हणून निभावलं.

भाऊजींनी किक मारली. काही नाही. प्लग काढला, इंजिनाला टेकवून पुन्हा किक मारली. निळी ठिणगी पडली, म्हणजे करंट येतोय. प्लग परत बसवला. सल्ले सुरू झाले. चोक द्या, चोक काढा, तिरकी करा, ढकला. मिस्त्री पुढं आले, गाडी थोडी मागं-पुढं हलवली, दांडी अर्ध्यावर आणली आणि फार जोर न लावता पाय खाली दाबला. गाडी एकदा खोकली. मग दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि तो आवाज पार्किंगच्या छताला लागून सगळ्या जिन्यांत घुमला. वरच्या मजल्यांवरची दारं उघडली. धुराच्या वासावर माणसं खाली आली, त्यातली दोन तर मी या इमारतीत कधी पाहिलेलीही नव्हती. सेक्रेटरी धुराबद्दल नोटीस काढायला आले होते, तेही कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “कुठलं मॉडेल?”

सासूबाई चप्पल घालून तयारच होत्या. एका बाजूला पाय, पदर खोचलेला, हात मुठीवर. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “जाळी चांगली बसवली आहे.” बाकी गाडीबद्दल त्यांनी काही मत दिलं नाही.

जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा सण असतो, इंटरनॅशनल जावा डे. देशभर ठिकठिकाणी गाड्या जमतात, आणि जुलै असल्यामुळे पुण्यात त्यांच्यावर पाऊसही जमतो. भाऊजींच्या शेजारी कुणाची तरी झळझळीत जावा होती, सायलेन्सरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेली. मालकानं आमची गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली, क्षणभर थांबला आणि हळूच म्हणाला, “हा मरून थोडा वेगळा वाटतो.” भाऊजींची रात्रीची झोप गेली. त्याआधी मात्र त्यांनी विचारणाऱ्या सगळ्यांना सांगितलं होतं, “सगळं घरी, स्वतः केलं.” माझ्या तव्याकडे बघूनसुद्धा ते हेच म्हणाले असते.

आता त्यांच्या डोक्यात ‘व्हिंटेज’ शिरलंय. इथंही ह्यांनी नियम काढून ठेवलाय. 2021 च्या तरतुदीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपुढची आणि मूळ स्वरूपातली गाडीच व्हिंटेज. म्हणजे आमची 2029 ला बसेल. नव्यानं नोंदवायची असली तर वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढची नोंदणी पाच हजार, आणि तशा पाटीवर ‘व्हीए’ अक्षरं. मात्र मग रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची तेवढी परवानगी. भाऊजींना याचा अजिबात त्रास नाही. एवढ्यातच त्यांचा आठवडा जातो.

फक्त एक राहिलंय, ते कुणा वाचकाकडे असेल तर फार उपकार होतील. 1979 च्या येझदीला डाव्या बाजूच्या टूलबॉक्सचं झाकण हवंय. थोडं पोचलेलं चालेल, रंग कुठलाही चालेल, खोकं नको. कळवा जरूर, पण भावाचं बोलणं भाऊजींशी न करता माझ्याशी करा.